गोदीतली तांब्याची किटली आणि पलीकडची निळी

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. ‘जुनी’ हे मी माझ्या तोंडाने म्हटलं, तुम्ही म्हणायचं नाही. ‘तांब्याची’ हे मात्र हवं तितक्या वेळा म्हणा, मला कंटाळा येणार नाही. नदीकाठी एक गोदी आहे. तिथे बोटी दुरुस्तीला येतात. त्या गोदीच्या विश्रांतीच्या खोलीत विटांच्या शेगडीवर माझी जागा आहे. माझ्या शेजारी तुम्हाला एक निळी, एनॅमलची, कानाजवळ टवका उडालेली किटली दिसेल. तिच्याकडे इतक्यात बघू नका. तिची पाळी येईल तेव्हा येईल. गोष्ट माझी आहे.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. त्या गल्लीत सकाळपासून ठोकाठोक चाले, म्हणून सगळे शेजारी एकमेकांशी ओरडूनच बोलत. नवख्याला वाटे, भांडणं चाललीत. तांबटाने एका सपाट पत्र्याला ठोकून ठोकून पोट दिलं, पोटाला चोच दिली, डोक्यावर झाकण दिलं. त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या अंगावर अजून आहेत. यंत्रातून पडणाऱ्या भांड्यांना तसले ठसे नसतात, हे जाता जाता सांगते. कोणाचं नाव घेत नाही.

चोच बसवताना तांबटाच्या बायकोने त्याला जेवायला हाक मारली आणि त्याचा हात जरासा चळला. चोच डावीकडे वळली. त्याने ती सरळ केली नाही. म्हणाला, ऐट आहे ती हिची. मला ते तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. फक्त ओतणाऱ्याला मनगट थोडं वाकवावं लागतं. ज्याला वाकवता येत नाही त्याच्या पायावर चहा पडतो. त्याला माझा इलाज नाही.

मग त्याने मला आतून कल्हई केली. तापवलं, नवसागर टाकला, धूर निघाला, आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवलं. मित्रांनो, तांबं बाहेरून कितीही झळको, आत कल्हई नसेल तर चहा कळकतो आणि पिणाऱ्याचं पोट बिघडतं. लोक विकत घेतात ते बाहेरचं रूप बघून आणि पितात ते आतल्या कल्हईच्या भरवशावर. कल्हई बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचं कौतुकही कोणी करत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

आता गोदीत कशी आले ते सांगते. बोट पाण्याबाहेर काढली की तिच्या बुडाला शेवाळ, शिंपले आणि जुना रंग चिकटलेला असतो. तो खरवडायचा, मग नवा रंग द्यायचा, हे इथलं काम. मान वर करून, नाकातोंडात भुकटी घेत करायचं. त्या काळी मध्ये थांबायची रीत नव्हती. सकाळी जो चढला तो संध्याकाळी उतरला. खरवडणाऱ्यांच्या टोळीची मुकादम एक बाई होती. तिचे भाचे गोदीत होते म्हणून सगळी गोदीच तिला आत्या म्हणे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिचा थोरला भाऊही त्याच टोळीत होता. एके दिवशी काम करता करता त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो परांचीवरून खाली पडला. जिवावरचं पायावर निभावलं. पण पाय कायमचा अधू झाला.

गोदीतल्या सगळ्या मजुरांनी काम थांबवलं. त्या वेळचे मालक, ज्यांना पुढे थोरले मालक म्हणत, हाताचे घट्ट पण शब्दाचे पक्के होते. बरीच बोलाचाली झाली. शेवटी त्यांनी कबूल केलं की मध्ये चहापुरतं थांबावं, किटली मी घेऊन देतो. आत्या म्हणाली, ‘किटली आमची आम्ही आणू. मालकाची किटली मालक उद्या उचलून नेईल.’ सगळ्यांनी वर्गणी काढली आणि मी गोदीत आले. गोदीभर मिरवत आणलं मला. थोरल्या मालकांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला.

‘ही उकळली की काम थांबेल, रिकामी झाली की सुरू होईल. आणि जो हिच्यातला चहा पितो, त्याला या गोदीची मजुरी आणि या गोदीची विश्रांती. त्यात कमी होणार नाही.’

पुढे ते कागदावरही उतरलं, पण कोणी कागदाचं नाव घेतलं नाही. सगळे म्हणत, किटलीचा करार. मला वाचता येत नाही, पण ज्या कराराला माझं नाव आहे तो मला पाठ आहे. पाय अधू झालेला तो थोरला माझ्या शेगडीशी बसू लागला. निखारे सारायचे, पाणी भरायचं, नव्या माणसाला पहिला कप द्यायचा. पहिला कप मिळाला की माणूस गोदीचा झाला.

तरी माझ्या वाट्याला सुख कसलं. छपरावर एक भोंगा होता, सकाळ-संध्याकाळ कोकलायचा. तो वाजला की लोक म्हणत, भोंगा झाला. मी उकळले की म्हणत, चहा झाला. काम सगळं माझं आणि नाव चहाचं. त्या भोंग्याला दरवर्षी रंग मिळे. मला काय मिळे, तर राखेचा हात. मी मनात म्हणे, गंजशील एक दिवस. तो गंजलाच, पण त्यात माझा काही हात नव्हता.

मित्रांनो, आमच्या नदीच्या या काठाला एक राज्य आणि त्या काठाला दुसरं. मधल्या पुलावर एक आडवा दांडा होता. तो वर झाल्याशिवाय ना गाडी जाई ना माणूस. मग बऱ्याच राज्यांनी मिळून एक संघ केला. ठरलं असं की इकडचा माल तिकडे जाईल, तिकडचा इकडे येईल, आणि माणसालाही जिथे काम मिळेल तिथे जाता येईल. कोणी कोणाला अडवायचं नाही. दांडा काढायच्या दिवशी सारं गाव पुलावर लोटलं. टाळ्या, बँड, फुगे. एका लाकडाच्या दांड्यासाठी. आणि मी इथे शेगडीवर एकटी उकळत बसले. पिणारा नाही, बघणारा नाही. पार तळ कोरडा झाला, तेव्हा थोरला पाय ओढत ओढत आला आणि त्याने मला उतरवलं. त्या दांड्याचा मला इतका राग आला होता की त्याला काढला याचाच मला आनंद झाला.

पण खोटं कशाला बोलू, पूल मोकळा झाल्याने गोदीची भरभराट झाली. लांबलांबच्या राज्यांतून बोटी येऊ लागल्या. थोरल्याच्या पायाचं औषध पलीकडून स्वस्तात येऊ लागलं. आत्याची मुलगी तर पलीकडच्या मोठ्या इस्पितळात धुलाईच्या कामाला लागली. तिथल्या बायांना जे मिळे तेच तिला मिळे. आत्या ज्याला त्याला ते ऐकवी. मी मात्र मनात म्हणे, मुलीची कौतुकं करताना इथे कोणी उकळतंय याकडेही लक्ष असू द्यावं.

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक आले. शिकलेले, घाईतले, बोलता बोलता घड्याळ बघणारे. वाईट माणूस नव्हे. शेजारच्या गावांत नव्या गोद्या उघडल्या होत्या आणि बोटवाले भाव पाडून मागत होते, ही त्यांची अडचण खरी होती. त्यांनी पलीकडच्या एका ठेकेदाराशी बोलून तिकडची एक टोळी आणली आणि तिला नदीकडच्या नव्या धक्क्यावर लावलं. मजुरी पलीकडच्या दराने, म्हणजे इथल्यापेक्षा कमी. आणि मध्ये थांबणं नाही.

त्या टोळीची मुकादमही एक बाईच होती. उंच, रुंद हाडाची, कामाला वाघ. आमच्याकडे तिला सगळे नुसती ‘पलीकडची’ म्हणत. आणि तिच्या हातात ती होती. निळी.

आता बघा तिच्याकडे. एनॅमलची, हलकी, निळीशार, चोच सरळ. उन्हात ठेवली की पार इथपर्यंत चमके. आमच्या गोदीतला एक वेल्डर म्हणाला, काय सुरेख किटली आहे हो. माझ्यादेखत. ज्याच्या घशात मी वर्षानुवर्षं चहा ओतला, तो. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी शेगडीवर बसणारी, जळणं मला नवीन नाही, पण हे जळणं निराळंच होतं. तिला राखेचा हात लागत नाही, कल्हई लागत नाही, नुसती विसळली की झाली राणीसाहेब तयार. तिची माणसं काम न थांबवता बोटीमागून बोट उतरवत होती आणि मालक सगळ्यांना सांगत होते, बघा, त्यांच्या किटलीला काम थांबवावं लागत नाही.

आत्याचं दुखणं माझ्याहून वेगळं नव्हतं. पलीकडची खरवडायला उभी राहिली की आत्या लांबून तिचा हात बघे, आणि चांगला हात आहे हे तिला दिसे, आणि त्यानेच तिचा तिळपापड होई. एके दिवशी पलीकडच्या टोळीतला एक म्हातारा रंगारी कप घेऊन आमच्या खोलीच्या दारात आला. पावसाने भिजला होता. थोरल्याने मला उचललंही होतं. तेवढ्यात आत्या मध्ये आली. ‘तुमची तुम्हाला किटली आहे,’ म्हणाली.

म्हातारा कप तसाच घेऊन गेला. थोरल्याने मला खाली ठेवलं, जरा जोरातच. मला विचाराल तर, मला गार गार वाटलं. माझा चहा, माझी माणसं. त्या निळीच्या माणसांना मी का म्हणून ओतू?

थोड्याच दिवसांत मालकांनी फलकावर लावलं की पुढच्या हंगामापासून किटलीचा करार बंद. नवा धक्का न थांबता चालतो, मग जुना का नाही. थोरल्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि आपल्या पायाकडे बघत बसला. आत्याने मात्र मला उचललं ते थेट पुलावर नेलं. पुलाच्या मधोमध मला ठेवलं आणि आमची सगळी माणसं माझ्याभोवती बसली. पलीकडची टोळी सकाळी कामाला यायची ती पुलावरूनच. तिला वाट राहिली नाही. मला काय वाटलं म्हणून सांगू. ज्या जागी तो दांडा मिरवत होता त्या जागी मी. निळी पलीकडच्या टोकाला तिच्या मालकिणीच्या हातात लटकत होती आणि मी तिच्याकडे चोच वर करून बघत होते.

मालक संघाच्या न्यायालयात गेले. ते तिसऱ्याच राज्यात, आगगाडीने जायचं. आमच्या वकिलाने सांगितलं, किटली घेऊन चला, कराराचा पुरावा आहे. आत्याने मला कपड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. तिकडे मला एका गुळगुळीत मेजावर ठेवण्यात आलं. न्यायाधीश बाईंपुढे पाण्याची एक काचेची सुरई होती. तिच्या आरपार सगळं दिसे, पण तिला कोणी काही विचारलं नाही. विचारलं माझ्याबद्दल. तेवढ्याने मी फुगले.

मालकांचा वकील म्हणाला की पूल सगळ्यांचा आहे, ज्याला जिथे काम मिळेल तिथे त्याने जावं हा संघाचा पाया आहे, आणि या लोकांनी तोच अडवला. आमचा वकील म्हणाला की काम थांबवणं हाही हक्कच आहे. तो नसता तर इथे बसलेल्या कितीतरी माणसांचे भाऊ परांचीवरून पडले असते. दोघंही खरं बोलत होते, आणि हेच अवघड होतं. एक खोटा असता तर निकाल जेवायच्या आत लागला असता.

मग न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि आत्याला विचारलं, ‘या किटलीतला चहा जो पितो त्याला हा करार लागू होतो, बरोबर?’

‘बरोबर.’

‘मग कोणाकोणाला ओतता तुम्ही?’

‘आमच्या गोदीच्या माणसांना,’ आत्या ताठ मानेने म्हणाली.

‘पलीकडून आलेली माणसं त्याच गोदीत काम करतात ना? त्यांना?’

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुना रोग. ती म्हणाली, ‘त्यांची त्यांना किटली आहे.’

मालकांच्या वकिलाने लगेच काही लिहून घेतलं. त्या एका वाक्यात आमचं सगळं सांडलं. न्यायाधीश बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पलीकडून येणाऱ्याची वाट अडवता येणार नाही, ते त्याचं स्वातंत्र्य. तुमचं काम थांबवणं कोणी हिरावून घेऊ शकणार नाही, तो तुमचा हक्क. दोघांनी एकाच घरात नांदायचं आहे. पण जो करार काही ठरावीक माणसांचाच आहे, तो पुढे करून बाकीच्यांना बाहेर ठेवता येणार नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाचा असेल तर गोष्ट वेगळी. पूल मोकळा करा.

बाहेर पडताना धाकटे मालक वकिलाला सांगत होते की आता प्रश्न मिटला, हे दोन कळप एका शेगडीभोवती बसायचे नाहीत. आत्याने ते ऐकलं. मीही ऐकलं. आणि मित्रांनो, माझं मन म्हणालं, बरोबरच आहे, नाहीच बसायचे.

घरी थोरला वाट बघत होता. त्याने विचारलं, हरलो का. ती म्हणाली, हरलो, आणि माझ्या तोंडाने हरलो. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला सगळं आधीच कळलं होतं. तिने आईला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, ‘आई, मी इथे पलीकडचीच आहे. पहिल्या दिवशी इथल्या बाईने मला खुर्ची सरकवून दिली नसती, तर मीसुद्धा कमी पैशात उभ्याउभ्याच काम केलं असतं. मग तिचीही खुर्ची गेली असती.’

आत्या फोन ठेवून बराच वेळ हात पुसत बसली. हात कोरडेच होते.

दुसऱ्या दिवशी मी उकळले तेव्हा तिने कप मांडले नाहीत. मला उचललं आणि चालू लागली. मला वाटलं, अंगणात नेतेय. ती निघाली नव्या धक्क्याकडे. जसजसं निळं दिसू लागलं तसतशी मी जड होत गेले. आत्याचं मनगट दुखलं असेल, पण ती थांबली नाही.

पलीकडची बोटीखालून बाहेर आली. तोंडावर भुकटी, भुवया पांढऱ्या.

‘रस्ता चुकलात काय, आत्याबाई?’

‘चुकले होते,’ आत्या म्हणाली. ‘कप काढा.’

‘आमची आम्हाला किटली आहे.’

‘हे वाक्य माझंच आहे. मला परत नको. कप काढा म्हणते ना.’

पलीकडचीच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने मागे बघून त्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला खूण केली. आत्याने पहिला कप त्याला भरला. दोन्ही हातांनी भरला. म्हाताऱ्याने घोट घेतला आणि म्हणाला, साखर फार आहे. आत्या म्हणाली, उद्या कमी घालते. त्यावर पलीकडचीने विचारलं, म्हणजे उद्याही येणार का? आणि आत्या म्हणाली की आता रोजच यावं लागणार, करार तसा आहे.

मग ती सगळी उकिडवी बसली. बोलता बोलता कळलं की त्यांच्या मजुरीतून ठेकेदार राहायच्या खोलीचं भाडं कापून घेई आणि खोली कसली, तर नुसती दाटीवाटी. त्यांना वाटे, आम्ही मोठे साहेब लोक, बसून त्यांना हसतो. आणि निळीचं कळलं ते असं की तिला शेगडीच नव्हती. वाफेच्या नळाला टेकवून पाणी कोमट करायचं आणि एका हाताने खरवडत दुसऱ्या हाताने प्यायचं. तिचा टवका उडाला तो त्या नळावर आपटून आपटून. मी जिच्यावर इतकी जळत होते, तिला आजवर एकदाही धड उकळी आली नव्हती.

तुम्हाला वाटेल, मला दया आली. थोडी आली. पण पुढचं ऐका. आत्याचं मनगट भरून आलं होतं. पलीकडची म्हणाली, द्या इकडे. तिने मला डाव्या हातात घेतलं. ती डावखुरी निघाली. डावीकडे वळलेली माझी चोच तिच्या हातात अशी सरळ बसली की कपाबाहेर एक थेंब गेला नाही. तांबटाच्या दुकानापासून आजवर मला असं कोणी ओतलं नव्हतं. आत्यानेसुद्धा नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच मला फार राग आला. आत्याही बघत होती. ‘हात चांगला आहे,’ ती म्हणाली. इतके दिवस गिळून ठेवलेलं ते वाक्य असं बाहेर आलं.

दोन्ही टोळ्या रोज एकत्र चहा पीत राहिल्या. मी रिकामी झाले, पुन्हा भरले, पुन्हा रिकामी झाले, आणि एके सकाळी मी रिकामी झाल्यावरही दोन्ही टोळ्यांतलं कोणीच परत कामाला उठलं नाही. या वेळी पूल मोकळा होता. फाटक सताड उघडं होतं. गाड्या येत होत्या, जात होत्या. फक्त बोटींच्या बुडाखाली कोणी नव्हतं. मालक वकिलाला घेऊन आले. वकिलाने पूल बघितला, फाटक बघितलं, कोण कोणाला अडवतंय ते शोधलं. शेवटी मालकांच्या कानात काही सांगून तो निघून गेला.

मालक मात्र गेले नाहीत. बोटवाल्यांचे फोन येत होते. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले की सगळं काम एकदम थांबलं तर बोट ओली राहते, रंग फुगतो, शेजारची गोदी बोट पळवते. हे त्यांनी कधी आमच्यापुढे मोकळेपणी मांडलंच नव्हतं. आत्याने पलीकडचीकडे बघितलं. पलीकडची म्हणाली, ‘किटल्या दोन आहेत.’

ठरलं ते असं. आधी तांब्याची उकळेल, तेव्हा अर्धी माणसं बसतील आणि अर्धी कामावर राहतील. मग निळी उकळेल आणि पाळी बदलेल. बोट थांबणार नाही, माणूसही पडणार नाही. मजुरी दोन्ही काठच्या माणसांना एकच, इथली. कोणीही कुठूनही येवो, काम करणाऱ्या प्रत्येकाला हा करार लागू. निळीला माझ्या शेगडीवर जागा. माझ्या शेगडीवर. मला कोणी विचारलं नाही.

मालक निघता निघता थांबले. म्हणाले, ‘सगळ्यांना देता, मला नाही का विचारणार?’

‘विचारते की,’ आत्या म्हणाली. ‘पण ऐकून घ्या. हिच्यातला चहा जो पितो, त्याला या गोदीची मजुरी आणि या गोदीची विश्रांती. तुमच्या वडिलांचा शब्द आहे. प्यायलात तर घड्याळ न बघता बसावं लागेल.’

मालकांनी इकडेतिकडे बघितलं. थोरल्याने चांगल्या पायाने एक बादली पालथी करून त्यांच्याकडे सरकवली. मालक बसले. थोरल्याने पहिला कप भरला आणि मी रिकामी होईपर्यंत ते उठले नाहीत.

मित्रांनो, त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्या आणि पलीकडची दोघी म्हाताऱ्या झाल्या. भेटल्या की अजून एकमेकींच्या हातच्या साखरेला नावं ठेवतात. शेगडी आत्याचा एक भाचा सांभाळतो. मध्यंतरी माझी कल्हई उडाली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाहेरून मी झळकत होते. भाच्याने मला बाहेरून घासून घासून आरसा केला होता. पिणाऱ्यांची पोटं बिघडली तेव्हा पलीकडचीने माझ्यात बोट फिरवून बघितलं आणि त्या भाच्याला चांगलं फैलावर घेतलं. मी कल्हईवाल्याकडे गेले. तेवढे दिवस दोन्ही पाळ्यांचा चहा एकट्या निळीने ओतला, आणि म्हणे कोणाची विश्रांती चुकली नाही. हे मला परत आल्यावर सगळ्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की मी दोन दिवस उकळायलाच उशीर लावला.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हीही मोठे व्हाल, कुठल्यातरी पुलावरून कुठेतरी कामाला जाल, किंवा कोणी तुमच्याकडे येईल. पूल मोकळा असू द्या. पण कामाच्या जागी पोचलात की एकदा किटलीत डोकावून बघा, आत कल्हई आहे ना, आणि ती सगळ्यांना ओतते ना. दारात कोणी कप घेऊन उभा असेल तर त्याला परत पाठवू नका. त्याचा कप रिकामा ठेवलात की तुमच्या कपाची पाळी फार लांब नसते, हे मी न्यायालयाच्या मेजावर बसून शिकले आहे. आणि माझ्यासारखीला नुसतं बाहेरून घासू नका. कल्हईवाला गल्लीत आला की त्याला हाक मारा.

निळीचं म्हणाल, तर आजही तिला माझ्याआधी उकळी येते, अंगाने हलकी आहे ना. मला ते अजून खपत नाही. पण तिचा तो कानाजवळचा टवका आता वाढत चाललाय, आणि त्यातून गंज धरतोय. तिच्याकडे कोणीतरी बघा. मी सांगितलं, असं मात्र तिला कळू देऊ नका.